अर्धी अक्षता

हुणसूरच्या रस्त्यावर गाडीतून पहिल्यांदा शिट्टी ऐकू आली तेव्हा अप्पा म्हणाले, "बाहेरून येतंय ते. बस असेल मागं."

अप्पा म्हणजे माझे सासरे. सगळं आयुष्य त्यांनी फिटर म्हणून काढलं. दुसऱ्याच्या यंत्राचा आवाज ते भिंतीपलीकडून ओळखतात, पण स्वतःच्या गाडीला काही होऊ शकतं हे त्यांना मान्यच नसतं. शिट्टी बाहेरून येत नव्हती. मी ॲक्सिलरेटर दाबला की ती चढत होती आणि पाय उचलला की उतरत होती. थोडं पुढं गेल्यावर गाडीची ओढच गेली. आरशात पाहिलं तर मागं निळसर पांढऱ्या धुराचा लोट, आणि त्या धुरात मागचा रस्ता दिसेनासा झालेला.

"अय्यो, बंद कर! बंद कर की आधी!" अप्पा ओरडले.

त्यांचं ओरडणं उगाच नव्हतं. डिझेल गाडीचा टर्बो, म्हणजे इंजिनात हवा कोंबणारा पंखा, आतून फुटला की इंजिन स्वतःचंच तेल प्यायला लागतं, आणि एकदा का तशी चटक लागली की चावी फिरवूनही ते थांबत नाही. मी गाडी कडेला घेतली, चावी फिरवली. इंजिन थांबलं.

मागच्या सीटवर अक्का डोळे मिटून पडल्या होत्या. अक्का ही अप्पांची थोरली बहीण. त्यांच्या दोन्ही किडन्या गेल्यात. आठवड्यातून दोनदा आम्ही त्यांना हुणसूरहून म्हैसूरला डायलिसिससाठी आणायचो आणि परत नेऊन सोडायचो. अप्पांच्या डोळ्यांत मोतीबिंदू, म्हणून गाडी मी चालवायची. माझा नवरा कामासाठी परदेशात. त्या दिवशी रक्त धुऊन झाल्यावर गळून गेलेल्या त्या बाईला आम्ही रस्त्याच्या कडेला, तंबाखूच्या शेताच्या बांधावर, टॉवेल अंथरून बसवलं. त्यांना उलटी झाली. अप्पा त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिले आणि मी येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक गाडीला हात करत राहिले. शेवटी एका टेम्पोवाल्यानं गाडी दोराला बांधली आणि अक्कांना पुढं आपल्याशेजारी बसवून घेतलं.

ही बातमी बेंगळूरला पोचायला वेळ लागला नाही. अक्कांचा मुलगा तिथं असतो. तो वाईट माणूस नाही, हे आधीच सांगते, कारण त्या दिवसांत मी त्याला मनातल्या मनात बरंच काही म्हटलंय. तो दसऱ्याची सुटी टाकून हुणसूरला आला, आईला स्वतःच्या गाडीनं दवाखान्यात नेऊ-आणू लागला, आणि एका संध्याकाळी आमच्या म्हैसुरातल्या, चामराजपुरमच्या घरी येऊन कॉफीचा पेला हातात धरून म्हणाला, "मामा, आता पुरे. आईला मी घेऊन जातो."

अप्पा म्हणाले, "तिला यायचंय काय तिकडं?"

"नाही यायचं. पण भर रस्त्यात बसून उलट्या करायच्यात काय तिला? टॅक्सीवाले तिला उचलून बसवत नाहीत. बसचा प्रश्नच नाही. तुमची गाडी ही अशी."

अक्कांना बेंगळूर नको होतं. मुलाच्या घराच्या खिडकीतून खाली पाहिलं की माणसं मुंग्यांएवढी दिसतात, मुंग्यांशी मी काय बोलू, असं त्या म्हणायच्या. आणि अप्पांचं काय होणार ते मला दिसत होतं. हुणसूरच्या त्या फेऱ्यांत दोघं बहीणभाऊ मागच्या सीटवर बसून अखंड बोलायची. वडिलांचा साड्या रंगवायचा कारखाना, कुठला रंग कुठल्या हौदात, कोण मेलं, कुणाच्या नातीनं कुठं नोकरी धरली. घरी अप्पा दिवसाकाठी चार वाक्यं बोलतात. त्यांची सगळी बोलणी त्या गाडीत होती. अक्का गेल्या तर हा माणूस मुका होईल, असं मला वाटायचं, आणि वाटलं की भीती वाटायची.

अप्पांच्या ह्या भाच्यानं अट घातली. विजयादशमीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला तो निघणार होता, त्याच दिवशी अक्कांच्या डायलिसिसची पाळीही होती. "सहाच्या आत मामांची गाडी दारात उभी असेल तर आई राहील. नसेल तर बॅग भरलेली असेल."

आमचा नेहमीचा गॅरेजवाला म्हणाला, दसरा होऊन जाऊ दे, माझी माणसं गावाला गेलीत. दुसरा म्हणाला, ठेवून जा, बघू. हे 'बघू' म्हणजे काय ते मला माहीत आहे. मी मूळची सांगलीची, यंत्रांचे भाग मोजून पास-नापास करणं ही माझी नोकरी. अप्पांना यंत्राचं अंग माहीत, मला माप माहीत. मी म्हटलं, "अप्पा, आपण घरीच करू."

"करू की," अप्पा लगेच म्हणाले. ते माझ्या म्हणण्याची वाटच बघत होते.

अम्मा, म्हणजे माझ्या सासूबाई, स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "हात दाखवून अवलक्षण," आणि आत गेल्या.

अम्मांचं आणि अक्कांचं कधीच जमलं नाही. त्याचं मूळ अम्मांच्या लग्नात आहे. मंगलाष्टकं संपली, सगळ्यांनी अक्षता टाकल्या, आणि थोरल्या नणंदेनं मात्र टाकल्या नाहीत, हे अम्मांनी खाली घातलेल्या नजरेनं पाहिलं होतं. अक्कांना भावासाठी दुसरी मुलगी पसंत होती म्हणे. अक्का सांगायच्या, "अगं, माझ्या हातात दिवा होता, करवली होते मी, कशानं टाकू?" अम्मा म्हणायच्या, दुसरा हात होता की. हा वाद माझा नवरा जन्मायच्या आधीपासूनचा. अक्का म्हैसूरला आल्या की अम्मा दवाखान्यात जेवण पाठवायच्या, मीठ-मसाला नसलेलं, वेगळं शिजवलेलं, पण हुणसूरला पाय ठेवायच्या नाहीत. घरात कुणी त्यावर बोलायचं नाही. मी नवी असताना एकदा बोलले होते, तेव्हापासून कानाला खडा लावला.

तर आम्ही पोर्चमध्ये गाडी घेतली आणि सुरुवात केली. वरचा पत्रा काढला आणि तिथंच नाकी नऊ आले. तापून तापून नट असे बसले होते की पाना फिरायच्या ऐवजी घसरायचा. अप्पा त्यांच्यावर तेल सोडायचे, वाट बघायला सांगायचे, आणि माझ्याकडून वाट बघवायची नाही. एका नटाशी मी जोर केला तर तो पिचकला आणि माझी बोटं पत्र्यावर आपटून सोलवटली. अप्पा म्हणाले, "स्वल्प धीर धर की! लोखंड काय पळून चाललंय?" मी म्हटलं, "लोखंड नाही, दिवस चाललेत!" मग दोघंही पुन्हा तेल सोडायला लागलो.

टर्बो बाहेर निघाला तेव्हा हातात गोगलगायीच्या आकाराचं, पण चांगलं खलबत्त्याएवढं जड धूड आलं. त्यातला पंखा बोटानं हलवला तर कवळीतल्या सैल दातासारखा लडबडला. दोष कुठं तेही सापडलं. टर्बोला तेल पाजणारी बारीक नळी काजळीनं चोंदली होती. बिचारा तहानेनं मेला होता.

बाहेरचं कवच चांगलं होतं, म्हणून आतला फिरता भाग तेवढा नवा मागवला. तो बेंगळूरहून बसच्या पार्सलनं आला. नवी नळी आली, सांध्यांत बसवायची गॅस्केटं आली. हवेच्या सगळ्या वाटा, जिथं जुनं तेल साचलं होतं, त्या मी रॉकेलनं धुऊन वाळत टाकल्या. कवच मूळ जसं होतं त्याच कोनात बसावं म्हणून अप्पांनी आधीच त्यावर छिन्नीनं खुणा करून ठेवल्या होत्या. जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून आम्ही तो जुळवला. पंखा बोटानं फिरवला तर अलगद फिरला. मी सगळ्या तोंडांवर कागदी चिकटपट्ट्या लावल्या.

अम्मा शेंगा सोलत बघत होत्या. त्यांनी विचारलं, "हे करतं तरी काय?"

मी घाईत होते. म्हटलं, "गाडीचा श्वास आहे तो, अम्मा. ह्या तोंडानं हवा घेतो आणि इंजिनाला देतो. मिनिटाला लाखाच्या वर फिरतो हा पंखा. आत धुळीचा खडा गेला तरी संपलं, म्हणून तोंड बांधलंय."

"लाख?" अम्मा म्हणाल्या, आणि पुन्हा शेंगा सोलायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी आयुधपूजा होती, म्हणजे आपली खंडेनवमी. मी सकाळी उठून पाने घ्यायला गेले तर हत्यारांची पेटी जागेवर नाही. सगळी हत्यारं धुऊन पुसून देवासमोर पाटावर मांडलेली. स्क्रूड्रायव्हर, पाने, हातोडी, माझं मोजायचं कॅलिपरसुद्धा. मध्यभागी, गणपतीच्या बरोबर समोर, आमचा टर्बो.

"आज हात लावायचा नाही," अम्मा म्हणाल्या. "उद्या दसऱ्याला उचलायची. नेम आहे हा."

मी अप्पांकडे पाहिलं. मला वाटलं, हा माणूस तरी माझ्या बाजूनं बोलेल, बहीण त्याची आहे. अप्पा म्हणाले, "नाही लावायचा. माझ्या बापानं आजच्या दिवशी रंगाच्या हौदात काठी घातली नाही."

मी भडकले. खोटं कशाला बोलू, फार भडकले. "तुमच्या बापाला परवा सकाळी सहाला हुणसूर गाठायचं नव्हतं!" असं म्हणून मी चपला घालून बाहेर पडले. रस्त्यावर तरी काय, घरोघरी गाड्यांना झेंडूच्या माळा, चाकांखाली लिंबं, दारात फोडलेले कोहळे. सगळ्या म्हैसूरच्या यंत्रांना सुटी होती. मी पार गावाच्या दुसऱ्या टोकाला, नजरबादपर्यंत चालत गेले आणि राग ओसरल्यावर परत आले. पूजा झालेली होती. टर्बोवर कुंकवाचा ठिपका, जास्वंदीचं फूल, चिकटपट्ट्या जागच्या जागी. अम्मांनी माझ्यासाठी ताट झाकून ठेवलं होतं. मी ताट उघडून जेवले.

विजयादशमीला उजाडायच्या आधीच आम्ही पोर्चमध्ये होतो. उरला तो एकच दिवस. अप्पांच्या हाताला कंप होता, पण नट कुठं थांबवायचा ते त्यांच्या मनगटाला कळत होतं. किती आवळायचं ते आकडे मी वाचायची, ते मान हलवायचे. टर्बो जागेवर बसला. नळ्या जोडल्या. नवं तेल घातलं. डिझेलची वायर काढून ठेवून नुसतंच इंजिन घुमवलं, म्हणजे पेटायच्या आधी टर्बोला तेल पोचावं. तेल आलं. अप्पांनी वर बघून हात जोडले. हवेचा पाइप लावायच्या आधी मी पंखा पुन्हा बोटानं फिरवला. किंचित अडल्यासारखं झालं आणि सुटलं. नवं आहे, तेल घट्ट आहे, असं मी मनाला सांगितलं आणि पाइपची क्लिप आवळली.

दुपार झाली होती. आता फक्त सुरू करायचं. मी खाली पडलेला कचरा गोळा करायला वाकले. चिकटपट्ट्यांचा चोळामोळा उचलला तर बोटाला काहीतरी टोचलं. पट्टी उलगडली. चिकट बाजूला, आतल्या बाजूला, पिवळा तांदळाचा दाणा चिकटलेला होता. शेजारी कुंकू.

दाणा पट्टीवर बाहेरून पडला असता तर गोष्ट वेगळी होती. हा आतून होता. म्हणजे पट्टी निघाली होती, तोंड उघडं होतं, आणि तेव्हा अक्षता पडल्या होत्या.

"अप्पा, चावीला हात लावू नका," मी म्हटलं.

त्यांनी पट्टी बघितली. चष्मा वर करून पुन्हा बघितली. मग त्यांनी घराकडे तोंड करून हाक मारली. मी त्यांचा तसा आवाज कधी ऐकला नव्हता.

अम्मा पदराला हात पुसत आल्या. अप्पांनी पट्टी पुढं धरली. "तू काढलीस?"

"काढली की," अम्मा म्हणाल्या. त्यांना अजून काहीच कळलं नव्हतं. "देवापुढं तोंड बांधून ठेवतात काय? हिनंच सांगितलं, श्वास घेतो म्हणून. तोंड उघडलं, अक्षता वाहिल्या, परत बांधलं. सरळ बांधलं की."

"आत पडल्या त्या!" अप्पा ओरडले. "मुद्दाम केलंस तू. ती इथून जावी हेच हवं होतं तुला. लग्नापासून हेच हवं होतं!"

मी "अप्पा!" म्हणाले, पण बाण सुटून गेला होता. अम्मांचा चेहरा पांढराफटक पडला. त्या पोर्चच्या पायरीवर बसल्या आणि दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवले. मला रडायला आलं आणि रागही आला, अप्पांचा, अम्मांचा, आणि शेंगा सोलणाऱ्या बाईला यंत्राचा श्वास समजावून सांगणाऱ्या माझ्या शहाणपणाचा.

पण रडायला वेळ कुठं होता. मी पाइपची क्लिप सोडली, टॉर्च लावला आणि तोंडात डोकावले. पंख्याच्या पात्यांमध्ये एक पिवळा दाणा दिसला. भुवया कोरायच्या चिमट्यानं मी तो ओढून काढला. मग कोपऱ्यातून दुसरा. तिसरा पात्याच्या मुळाशी होता. तो हातावर घेतला, तर अर्धाच.

"झालं," अप्पा म्हणाले. त्यांनी टॉर्चच्या उजेडात पुन्हा पुन्हा पाहिलं. "आणखी काही दिसत नाही. लाव पाइप."

"हा अर्धा आहे," मी म्हटलं.

"तुटका असेल मुळातच. तांदळात कणी असते की."

तेव्हा पायरीवरून अम्मा बोलल्या. "माझ्या अक्षतांत कणी नसते."

अप्पांनी वळूनही पाहिलं नाही. "आयतु, झालं. आता तू सुम्ने बस, गप्प."

"नाही बसत," अम्मा उठल्या. "तुटका दाणा देवाला चालत नाही. ताटात पसरून एकेक निवडते मी, मग हळद लावते. मोडका एकही नव्हता. हा आत मोडला. दुसरा अर्धा आतच आहे. शोधा."

आता आत म्हणजे कुठं? टॉर्चनं जेवढं दिसतं तेवढं बघून झालं होतं. पुढं बघायचं तर पुढचं कवच खोलायचं, म्हणजे सकाळपासून बसवलेलं निम्मं काम उलगडायचं. पुन्हा बसेल की नाही, अंधार पडायच्या आत होईल की नाही, काही सांगता येत नव्हतं. अप्पा म्हणाले, "साप साप म्हणून भुई धोपटायची ही. एका कणीसाठी सगळं खोलायचं? वेळ बघ किती झाला."

एकीकडे फिटरचा अनुभव, दुसरीकडे तांदूळ निवडणाऱ्या बाईचा शब्द. माझा जीव टांगणीला लागला. कवच खोलून आत काही निघालं नाही तर अक्का बेंगळूरला गेल्याच होत्या, आणि अम्मांवरचा आरोप घरात कायमचा बसला असता. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्या अप्पांकडे बघत नव्हत्या, माझ्याकडेही नव्हत्या. त्या बघत होत्या त्या अर्ध्या दाण्याकडे. मला ते पंख्याचं किंचित अडणं आठवलं. अडलं आणि सुटलं. तिथंच तो मोडला होता, माझ्याच बोटाखाली.

"मी खोलते," मी म्हटलं. "तुम्हाला नको असेल तर आत जाऊन बसा."

अप्पा आत गेले नाहीत. पण त्यांनी पानाही धरला नाही. मी एकटीनं सगळं सोडवायला घेतलं, तेव्हा अम्मा टॉर्च घेऊन माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. त्यांचा हात इतका स्थिर होता की उजेड जागचा हलला नाही. राजवाड्याकडून तोफांचे आवाज यायला लागले. दसऱ्याची मिरवणूक निघाली होती. दर तोफेला माझा हात दचकत होता आणि अम्मा नुसतं "हूं" म्हणत होत्या, घोड्याला थोपटावं तसं.

कवच सुटलं. पंखा उघडा पडला. पहिल्यांदा काहीच दिसलं नाही. अम्मांनी टॉर्च खाली धरला, मग आडवा धरला.

"तिथं," त्या म्हणाल्या.

पात्याची कड आणि मागची भिंत यांच्यामधल्या फटीत, नखसुद्धा शिरणार नाही अशा जागी, पिवळी कड चमकत होती. मी चिमट्याचं टोक घातलं, श्वास रोखला, आणि ओढली. अर्धी अक्षता. पहिल्या अर्ध्या दाण्याला लावून बघितली, तर चपखल बसली.

हे आत ठेवून गाडी सुरू केली असती तर ते पातं लाखाच्या वेगात त्या भिंतीवर आदळलं असतं. कदाचित घरीच, कदाचित हुणसूरच्या रस्त्यावर, अक्का मागं बसलेल्या असताना. मी तिथंच जमिनीवर बसले.

अप्पा जवळ आले. त्यांनी दोन्ही अर्धे तळहातावर घेतले आणि अम्मांपुढं हात केला. "तुझाच," ते म्हणाले.

"माझाच. तेच सांगत होते." अम्मांनी दाणे उचलून घेतले. "तुमच्या बहिणीचं नाव घेऊन वाहिल्या होत्या त्या. जन्मात पहिल्यांदा तिच्या नावानं वाहिल्या. आणि तुम्ही मला काय म्हणालात."

अप्पा पाना उचलून कामाला लागले. मिरवणुकीचे बँड संपायच्या सुमाराला कवच परत बसलं, खुणेवर खूण जुळली. दिवेलागणीला मी चावी फिरवली. इंजिन खोकलं, थोडा धूर आला, मग धूर विरला. मी पाय दाबला. शिट्टी आली नाही. गाडीनं नुसता एक लांब श्वास घेतला. अप्पा बॉनेटवर दोन्ही हात ठेवून रडत होते आणि आपण रडत नाही असं दाखवत होते.

सकाळी अंधारातच निघालो तेव्हा अम्मा जरीकाठाची साडी नेसून पुढच्या सीटवर येऊन बसल्या. कुणी बोलावलं नव्हतं, कुणी विचारलंही नाही. त्यांच्या मुठीत कागदाची पुडी होती. देवाच्या अक्षता केरात टाकायच्या नसतात, हुणसूरला तुळशीत टाकते, एवढंच त्या म्हणाल्या. सगळी वाट मी कान इंजिनाला लावून चालवत होते. जिथं गाडी बंद पडली होती तो बांध मागं पडला तेव्हा मागून अप्पांचा सुस्कारा ऐकू आला.

अक्कांच्या दारात भाचा उभा होता, शेजारी भरलेली बॅग. मी इंजिन मुद्दाम बंद केलं नाही. तो गाडीजवळ आला, थोडा वेळ वाकून ऐकत राहिला. मग त्यानं बॅग उचलली आणि घरात परत नेऊन ठेवली.

अक्का काठी टेकत बाहेर आल्या आणि अम्मांना पाहून थबकल्या. अम्मा उतरल्या. मला वाटलं, आता टोमणा येणार, इकडून नाही तर तिकडून. अम्मांनी सरळ पुडी उघडून पुढं केली. "तुमच्या नावानं अक्षता वाहिल्या होत्या, अक्का. यंत्रात जाऊन पडल्या. तुमचा घातच करत होते मी."

अक्कांनी डोळ्यांजवळ नेऊन पाहिलं. "काळ्या झाल्या की गं."

"ह्यांच्या हातांचं तेल लागलंय. तुळशीत टाकते."

"थांब," अक्का म्हणाल्या. त्यांनी काठी मुलाच्या हातात दिली. सुयांनी काळानिळा झालेला उजवा हात पुडीत घातला, सगळ्या अक्षता चिमटीत घेतल्या, मोडक्यासकट, आणि हात वर करून अम्मांच्या डोक्यावर टाकल्या.

"आज हातात दिवा नाही," त्या म्हणाल्या.

अम्मांच्या पिकल्या केसांत ते काळे दाणे तसेच राहिले. त्यांनी ते झटकले नाहीत. अक्कांच्या काखेत हात घालून त्यांनी त्यांना मागच्या सीटवर अप्पांशेजारी बसवलं आणि स्वतःही तिथंच बसल्या. उशीर होत होता, म्हणून मी गाडी वळवली.